तुमचे प्रश्न : हृदयाची भिंत, रक्तवाहिनीची भिंत

मागच्या अंकात हृदयाच्या स्नायूचा मायक्रोस्कोपमधून काढलेला एक फोटो दिला होता, गुलाबी धागे, त्यांना फुटलेल्या फांद्या आणि मधेमधे गडद आडव्या रेघा. त्यावर खूप पत्रं आली. कुणी परीक्षेसाठी विचारलंय, कुणाच्या घरात आजारपण आहे म्हणून विचारलंय, पण बहुतेक सगळे प्रश्न फिरून फिरून भिंतीपाशीच येतात. ही भिंत कशाची बनलीय, ती झिजते का, भरून येते का. मी शरीररचना शिकवते, रोज स्लाइड बघते, आणि मला स्वतःला हा विषय फार जवळचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : मॅडम, हृदयाला तीन थर आणि रक्तवाहिनीलाही तीन थर. परीक्षेत मी दोन्हीकडची नावं उलटसुलट लिहून येते. यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, की नुसतं पाठ करायचं? (नर्सिंग, पहिलं वर्ष)

संबंध आहे, आणि तो एकदा कळला की तुला पाठ करावंच लागणार नाही. हृदय ही मुळात एक रक्तवाहिनीच आहे. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हा हृदय म्हणजे एक साधी नळी असते, चौथ्या आठवड्यात ती धडधडायलाही लागते, आणि मग ती स्वतःभोवती वळते, दुमडते, आत पडदे तयार होतात आणि तिचे चार कप्पे होतात. म्हणजे रक्तवाहिनीसारखेच हृदयाचेही तीन थर, फक्त मधला प्रचंड वाढलेला.

आता आतून बाहेर ये. रक्तवाहिनीत सगळ्यात आत इंटिमा, हृदयात एंडोकार्डियम. मधे रक्तवाहिनीत मीडिया, हृदयात मायोकार्डियम, दोन्हीकडे स्नायूचाच थर, पण रक्तवाहिनीतला स्नायू गुळगुळीत जातीचा, सावकाश आवळणारा, आणि हृदयातला पट्टेदार, झटक्यात आकुंचन पावणारा. बाहेर रक्तवाहिनीत अ‍ॅडव्हेंटिशिया, हृदयात एपिकार्डियम. एपिकार्डियमच्या खाली चरबी असते आणि त्याच चरबीतून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या जातात, हे लिहिलंस तर परीक्षक खूश होतील. हृदयाभोवती शिवाय पेरिकार्डियमची पिशवी असते, तिच्यात साधारण १५ ते ५० मिली द्रव असतो, म्हणजे हृदय हललं तरी घासत नाही. पिशवी वेगळी, थर वेगळे, तिथे गडबड करू नकोस.

आणि सगळ्यात आतलं अस्तर, एंडोथेलियम, ते तर दोन्हीकडे एकच आहे. चपट्या पेशींचं एकपदरी अस्तर, फरशीला फरशी लावल्यासारखं, हृदयाच्या कप्प्यात सुरू होतं ते महाधमनीतून बारीक धमन्यांत, केशवाहिन्यांत आणि शिरांमधून परत हृदयात येतं.

जाडी पाठ करताना दाब लक्षात ठेव. डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत साधारण १ सेंटिमीटर, उजव्या निलयाची ३ ते ५ मिलिमीटर, अलिंदांची, म्हणजे वरच्या कप्प्यांची, त्याहून पातळ. का? डाव्याला सगळ्या अंगभर रक्त ढकलायचं, तिथे दाब १२० पर्यंत जातो, उजव्याला शेजारच्या फुप्फुसात, तिथे २५ च्या आसपासच पुरतो, आणि अलिंदांना तर फक्त खालच्या कप्प्यात रक्त सोडायचंय. जिथे जेवढं ओझं तिथे तेवढी भिंत.

प्रश्न : माझ्या बाबांना सहा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. स्टेन्ट घातलाय, आता बरे आहेत. पण डॉक्टर म्हणाले की तेवढा भाग मेला, तिथे व्रण राहणार. हाताला कापलं तर आठवड्यात भरून येतं, मग हृदय का भरून येत नाही? तो भाग परत कधीच तयार होणार नाही का?

हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत, कारण 'मेला' हा शब्द कानावर पडला की घरातल्यांच्या छातीत धस्स होतं आणि मग पुढचं काही ऐकूच येत नाही.

आधी हाताचं बघू. हाताला खोल कापलं तर तिथेही व्रणच राहतो, पण कातडीच्या पेशी रोज नव्या होत असतात म्हणून वरचं भरून येतं. हातापायाच्या स्नायूंमधे मुख्य पेशींना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात, इजा झाली की त्या जाग्या होतात आणि नवे धागे बनवतात. हृदयाच्या स्नायूत अशी कामाला येईल इतकी राखीव फौज नाही. जन्मानंतर थोड्याच दिवसांत हृदयाच्या बहुतेक स्नायूपेशी विभागणं थांबवतात आणि मग वाढतात ते आकाराने, संख्येने नाही.

पण 'कधीच नाही' हेही पूर्ण खरं नाही. १९५० आणि ६० च्या दशकात उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्यामुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार) एकदम वाढला आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर हळूहळू कमी होत गेला. जी पेशी ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बनचं प्रमाण तिच्या डीएनएमधे कायमचं राहतं, म्हणजे पेशीवर जणू जन्मसालाचा शिक्काच. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हा शिक्का माणसाच्या हृदयाच्या पेशींमधे मोजला आणि २००९ मधे सांगितलं की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या येतात आणि पंच्याहत्तरीपर्यंत हे प्रमाण ०.४५ टक्क्यापर्यंत उतरतं. म्हणजे हृदय नव्या पेशी बनवतं, पण इतक्या सावकाश की अटॅकमधे एका तासात जे गेलं ते त्यातून भरून निघत नाही.

मग तिथे काय होतं? मेलेल्या पेशी आधी साफ केल्या जातात आणि त्यांच्या जागी फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे दोर विणायला लागतात. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात ती जागा सगळ्यात मऊ असते, जुनं गेलेलं आणि नवं अजून घट्ट झालेलं नाही, म्हणून त्या दिवसांत एवढी काळजी घेतात. सहा ते आठ आठवड्यांत व्रण पक्का होतो. स्लाइडवर तो ओळखायला अगदी सोपा असतो, नेहमीच्या रंगात सगळंच गुलाबी दिसतं पण ट्रायक्रोम नावाचा रंग वापरला की जिवंत स्नायू लाल आणि त्यात शिरलेला व्रण निळा, नदीच्या पात्रासारखा वाकडातिकडा, आणि त्या निळ्याच्या कडेला लाल पेशींची छोटी छोटी बेटं तगून राहिलेली. ती बेटं दिसली की मी मुलांना थांबून बघायला लावते.

हा व्रण आकुंचन पावत नाही हे खरं, पण तोच ती भिंत धरून ठेवतो, तो नसता तर भिंत फाटली असती. त्याच्याकडे फक्त 'मेलेला भाग' म्हणून बघू नका. अडचण दोन बाबतींत येते. एक, उरलेल्या पेशींवर जास्त काम पडतं, त्या जाड आणि लांब होतात आणि हळूहळू कप्पा फुगायला लागतो. दुसरं, हृदयाच्या पेशी एकमेकींना पायरीसारख्या जोडांनी बांधलेल्या असतात, फोटोतल्या त्या गडद आडव्या रेघा म्हणजे हेच जोड, तिथे पेशी घट्ट अडकवणारी बटणंही असतात आणि वीज पलीकडे जाऊ देणारी बारीक छिद्रंही. व्रणात हे जोड नसतात, वीज तिथून जात नाही, वळसा घालून जाते, आणि कधीकधी त्या वळशातच गोल फिरत बसते, मग ठोके बिघडतात. बाबांना ज्या गोळ्या दिल्यात त्यातल्या काही नेमक्या या दोन गोष्टींसाठीच असतात, कप्पा फुगू नये आणि लय बिघडू नये म्हणून. त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणून त्या स्वतःहून बंद करू देऊ नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगते.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी विचारतेय की पळून आल्यावर पाय दुखतात मग हृदय रात्रंदिवस चालतं ते दमत कसं नाही?

तिला सांगा की हृदय विश्रांती घेतं, फक्त लांबलचक झोप न काढता प्रत्येक ठोक्यानंतर थोडी थोडी घेतं. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात, त्यात निलय साधारण ०.३ सेकंद आवळलेली असतात आणि ०.५ सेकंद सैल. म्हणजे दिवसाचा जास्त वेळ ती सैलच असतात! आणि हे टाळता येत नाही, कारण एकदा आवळल्यावर हृदयाची पेशी पाव सेकंदभर दुसरी ऑर्डर घेतच नाही. पायाच्या स्नायूला लागोपाठ ऑर्डर दिल्या तर तो ताठ होऊन गोळा येतो, हृदयाला तसा गोळा येऊच शकत नाही.

दुसरं म्हणजे आतली सोय. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियाने भरलेला असतो, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भट्ट्या, आणि जवळपास प्रत्येक पेशीच्या शेजारी एक केशवाहिनी. बाकी शरीर रक्तातला पाव हिस्सा ऑक्सिजन घेतं तेव्हा हृदय बसल्या जागी ७० टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. मोठ्यांसाठी यातच धोक्याचीही गोष्ट आहे, जास्त ऑक्सिजन हवा झाला तर जास्त काढून घ्यायला फारसा शिल्लकच नसतो, रक्तच जास्त यावं लागतं, आणि डाव्या निलयाला ते मुख्यतः त्या सैल अर्ध्या सेकंदातच मिळतं. ठोके फार वेगाने पडायला लागले की आधी कमी होते ती हीच सैल वेळ.

प्रश्न : आजीचं बीपी वरचं १६५ आणि खालचं ७०. खालचं तर चांगलं आहे ना, मग डॉक्टर गोळी का वाढवतायत? आणि दोन आकड्यांत इतकं अंतर कसं?

याचं उत्तर महाधमनीच्या भिंतीत आहे. ही भिंत साधारण २ मिलिमीटर जाड, आणि तिच्या मधल्या थरात इलॅस्टिन या रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्रथिनाचे पन्नासेक पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, मधे गुळगुळीत स्नायूपेशी आणि कोलॅजन. इलॅस्टिन काळं दाखवणारा रंग देऊन तरुण माणसाची महाधमनी बघितली तर एकामागून एक नागमोडी काळ्या रेघा दिसतात, इतक्या नीट की कुणी हाताने आखल्यात असं वाटावं.

हृदय रक्त झटक्याने सोडतं. महाधमनी त्या झटक्यासरशी फुगते, थोडं रक्त पोटात ठेवून घेते, आणि हृदय सैल झालं की आपल्या ताणाने ते पुढे ढकलते. म्हणून वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. पण इलॅस्टिन आपलं शरीर बहुतेक सगळं जन्माच्या आधी आणि लहानपणीच बनवतं, नंतर जवळजवळ नाहीच. तेच पापुद्रे ८० वर्षं रोज लाखभर वेळा ताणले जातात. म्हाताऱ्या माणसाच्या स्लाइडवर त्याच रेघा सरळ झालेल्या, मधेच तुटलेल्या, तुकडे पडलेल्या दिसतात आणि मधल्या जागेत कोलॅजन वाढलेलं, कुठे कुठे कॅल्शियम साचलेलं. आता नळी फुगत नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि परत ढकलायला ताण उरला नाही म्हणून खालचा पडतो.

म्हणजे आजीचं खालचं ७० आहे ते 'चांगलं' नाही, ते त्याच कडकपणाचं दुसरं टोक आहे. ज्या अवयवांमधून रक्त जोरात वाहतं, मेंदू आणि किडनी, तिथल्या बारीक वाहिन्यांना आता तो झटका जवळपास तसाच्या तसा बसतो. डॉक्टर गोळी वाढवतायत ते याच काळजीपोटी. आजीला मात्र उठताना सावकाश उठायला सांगा, आधी बसू दे मग उभं राहू दे, आणि चक्कर येत असेल तर ते डॉक्टरांना जरूर कळवा.

प्रश्न : ब्लॉकेज म्हणजे पाइपमधे गाळ साचतो तसंच ना? मग नळ साफ करतात तसं आतून धुऊन काढणारं काही औषध का नाही?

पाइपचं उदाहरण सगळेच देतात पण त्याने गैरसमजच जास्त होतो. गाळ पाइपच्या आत, भिंतीवर बसतो. धमनीत चरबी भिंतीवर नाही तर भिंतीत बसते, अस्तराच्या खाली, इंटिमामधे. रक्त वाहतंय तिथून ती दिसतसुद्धा नाही, वर एंडोथेलियम आहे. कोलेस्टेरॉलचे कण त्या अस्तरामधून खाली शिरतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी आत येतात, गिळून गिळून फुगतात, स्लाइडवर त्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फोम सेलच म्हणतात, आणि मग मधल्या थरातल्या स्नायूपेशी वर येऊन त्या सगळ्यावर कोलॅजनचं झाकण घालतात. झाकण जाड असेल तर ती गाठ वर्षानुवर्षं गप्प राहते. झाकण पातळ असेल तर ते एक दिवस फाटू शकतं, मग आतला माल रक्ताला लागतो आणि तिथे काही मिनिटांत गुठळी होते. म्हणून ज्या गाठीने वाट अर्धीसुद्धा अडवली नव्हती तिच्यामुळेही अटॅक येऊ शकतो. धुऊन काढायचं म्हटलं तर अस्तर फाडून आत जावं लागेल, आणि अस्तर फाटणं हेच तर संकट. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या गाठीतली चरबी थोडी कमी करतात आणि झाकण घट्ट करतात, तो खरा फायदा.

या अस्तराला कितीतरी वर्षं शास्त्रज्ञसुद्धा नुसता गिलावा समजत होते. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन दिलं की अंगात रक्तवाहिनी सैल होते हे माहीत होतं, पण त्यांच्या पट्ट्या उलट आवळायच्या, वर्षानुवर्षं हेच. मग लक्षात आलं की पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाते आणि अस्तर निघून जातं. न घासता कापली तर ती सैल पडते! १९८० मधे त्यांनी हे छापलं, म्हणजे सैल हो हा निरोप स्नायूला अस्तर देतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू हे नंतर कळलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी आनंद होतो, एका पेशीच्या जाडीचं अस्तर, हात लावला तरी निघून जाणारं, आणि सगळ्या धमनीला तेच सांभाळतं. सिगरेट, डायबेटिस, बीपी आधी बिघडवतात ते यालाच.

प्रश्न : बायपासला पायाची शीर काढून हृदयाला लावतात. शीर तर पातळ असते, ती टिकते कशी?

थोडी बदलून टिकते. शिरेत दाब कमी म्हणून तिचा मधला थर पातळ, बाहेरचा जाड, आणि पायाच्या शिरेत रक्त खाली येऊ नये म्हणून झडपा. त्यामुळे सर्जन ती उलटी करून लावतात, नाहीतर झडपाच वाट अडवतील. अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी १९६७ मधे अशी बायपास केली तेव्हापासून ही पद्धत रुळली. धमनीचा दाब बसायला लागला की शिरेची भिंत जाड होत जाते, पहिल्यांदा ते चांगलंच असतं, पण हा जाडपणा बऱ्याचदा आतल्या थरात जास्त वाढतो आणि पुढे तिथेच चरबी साचते. दहा वर्षांनी शिरांपैकी साधारण निम्म्या ते साठ टक्के चालू असतात. छातीच्या आतली एक धमनी वापरली तर दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास चालू राहतात, कारण तिचा आतला इलॅस्टिक पापुद्रा जवळजवळ सलग असतो, स्नायूपेशींना आत शिरायला वाट मिळत नाही, शिवाय तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइडही भरपूर बनवतं. म्हणून मुख्य धमनीला बहुतेक वेळा तीच लावतात आणि बाकीच्यांना शिरा.

प्रश्न : मानेतली 'शीर दबली' म्हणतात ती हीच शीर का?

नाही. बोलताना आपण नसेलाही शीर म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही. मान आखडून हाताला मुंग्या येतात तेव्हा दबलेली असते ती नस, म्हणजे मेंदूचे निरोप नेणारी तार. तिच्यात रक्त वाहत नाही.

प्रश्न : धमनी संपते आणि शीर सुरू होते तिथे नेमकं काय असतं? (आठवीतला विद्यार्थी)

हाच प्रश्न इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांना पडला होता. १६२८ मधे त्यांनी रक्त गोल फिरतं हे सिद्ध केलं, पण धमनीतून शिरेत ते जातं कुठून हे त्यांना दाखवता आलं नाही, कारण डोळ्यांना ते दिसतच नाही. १६६१ मधे मार्चेलो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात मायक्रोस्कोपने बघितलं आणि मधल्या बारीक वाहिन्या सापडल्या, त्या केशवाहिन्या. हार्वे तोपर्यंत वारले होते.

तिथे पोचेपर्यंत भिंतीचं सगळं सामान गळून गेलेलं असतं. इलॅस्टिनचे पापुद्रे आधी जातात, मग स्नायूचे थर कमी कमी होत एकच उरतो, मग तोही जातो. केशवाहिनीत राहतं फक्त अस्तर, त्याच्याखाली एक पातळ पडदा, आणि बाहेरून कुठे कुठे मिठी मारून बसलेली एखादी पेरिसाइट नावाची पेशी. भिंत एवढी पातळ म्हणूनच ऑक्सिजन आरपार जातो. मेंदूत ही भिंत घट्ट सांधलेली, किडनीत बारीक खिडक्या असलेली, लिव्हरमधे तर मोठी भोकं असलेली, जिथे जसं काम. काही केशवाहिन्या ५ मायक्रॉनच्याच (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, त्यामुळे तिला सरळ जाताच येत नाही. मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या पायाच्या पातळ पडद्यात हे जिवंत बघता येतं, एकेक पेशी रांगेत येते, तोंडाशी क्षणभर अडते, वाकते, अंग चोरून आत शिरते आणि पलीकडे शिरेत गेली की परत पहिल्यासारखी होते.